वाचकांचे प्रश्न : साठा घटवला, मग लाईन का थांबली?

प्रश्न : मी भोसरीतील एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे मोटारींसाठी पत्र्याचे सहा प्रकारचे सुटे भाग एकाच प्रेसवर दोन पाळ्यांत निघतात आणि चाकणला जातात. पूर्वी रॅकवर दहा दिवसांचा माल असे. उत्पादकता वाढावी म्हणून कोणत्याही भागाचा साठा दोन दिवसांपेक्षा अधिक दिसता कामा नये, असा आदेश व्यवस्थापनाने काढला. पहिल्याच महिन्यात आमच्यामुळे ग्राहकाची मोटारजोडणीची लाईन थांबली आणि नुकसानभरपाईची डेबिट नोट आली. एका भागाची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) काढून दुसऱ्याची बसवायला आम्हांला दोन तास लागतात. ‘लागेल तेव्हाच माल’ ही जपानी पद्धत आपल्याकडे चालत नाही, हे खरे का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य, डाय बदलायला दोन तास लागतात हे, आपण शेवटी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. दोन पाळ्यांचे सोळा तास धरा. प्रत्येक भागाची एका दिवसाची गरज भागवायला प्रेस दोन तास चालवावी लागते असे मानले, तर सहा भागांना बारा तास गेले आणि डाय बदलण्यासाठी चार तास उरले. त्या चार तासांत दोनच बदल होतात. म्हणजे प्रत्येक भागाचा नंबर तीन दिवसांनी एकदा येणार आणि तेव्हा तीन दिवस पुरेल इतका माल एका दमात काढावाच लागणार. अशा प्रेसवर दोन दिवसांच्या साठ्याचा आदेश निघाला, तर तुटवडा कागदावरच ठरलेला असतो. त्यात प्रेस एखादी पाळी बंद पडली, की सावरायला जागाच उरत नाही.

आता हाच बदल वीस मिनिटांत होऊ लागला, तर त्याच चार तासांत बारा बदल बसतात, प्रत्येक भाग दिवसातून दोनदा निघतो आणि साठा कोणी आदेश न काढताही खाली येतो. टोयोटात 1969 साली जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी एक हजार टनी प्रेसच्या डाय-बदलाचा चार तासांचा वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला, तो याच विचाराने. त्यांची मुख्य युक्ती साधी होती : जे काम प्रेस चालू असताना करता येते, ते प्रेस थांबवून करायचे नाही. पुढची डाय, बोल्ट, पत्र्याची कॉइल (गुंडाळी) आधीच प्रेसजवळ आणून ठेवायची. सर्व डायची उंची पॅकिंग लावून एकसारखी करायची, म्हणजे दर वेळी नव्याने जुळवाजुळव करावी लागत नाही. आपल्याकडे दोन तासांतला बराचसा वेळ क्रेनची आणि पान्याची वाट पाहण्यात जातो, असे घड्याळ लावून पाहिल्यास बहुधा दिसेल.

मोशीमार्गे चाकणला जाणाऱ्या रस्त्याची कोंडी आपल्याला सांगायला नको. गाडी कधी तासात पोहोचते, कधी तीन तासांत. त्या अनिश्चिततेपुरता थोडा तयार माल ठेवणे हा अपव्यय नव्हे. मात्र तो मोजून ठेवावा, भीतीपोटी नाही. व्यवस्थापनाला माझी सूचना एवढीच, की आधी डाय-बदलाचा वेळ लिहून काढावा आणि साठ्याची मर्यादा त्यानंतर ठरवावी.

प्रश्न : 2021 मध्ये मोटारींना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपची टंचाई झाली, तिने ‘लागेल तेव्हाच माल’ हे तत्त्व खोटे ठरले नाही का?
– एक वाचक, आकुर्डी

उत्तर : नाही. जो भाग तयार व्हायला कित्येक महिने लागतात, त्याला पत्र्याच्या ब्रॅकेटचा नियम लावणे ही चूक होती. जपानमधील 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने स्वतःच चिपच्या पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. त्यामुळे 2021 च्या आरंभी इतर कंपन्यांच्या तुलनेत तिला कमी झळ बसली; पण टंचाई लांबली तशी सप्टेंबरचे उत्पादन सुमारे 40 टक्क्यांनी कमी करण्याची घोषणा तिलाही करावी लागली.