फोन वाजला की नेट जातं, असं का?

प्रश्न : आमचं अमळनेरला कृषी केंद्र आहे, खाली दुकान वर घर. लँडलाइनवरच ब्रॉडबँड आहे, मॉडेम वरती, त्याला स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) पण लावलाय, तरी दुकानातला फोन वाजला का नेट गेलंच समजा, दोन-तीन मिनिटांनी परत येतं. वरच्या फोनला काहीच त्रास नाही, खालच्यावर मात्र सारखा सूंऽऽ आवाज. मॉडेम नवा आणला, तरी तेच. खरिपाच्या दिवसात गिऱ्हाईक समोर उभं आणि नेट बंद पडी राहिलं, काय करावं भाऊ?

उत्तर : भाऊ, मॉडेमचे पैसे उगाच गेले याचं वाईट वाटतं, कारण दोष मॉडेममध्ये नाहीच. वरचा फोन स्वच्छ आणि खालच्यावर सूं, यावरून मला जवळजवळ खात्री आहे की दुकानाचं पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवरचं दुसरं कनेक्शन, स्प्लिटरच्या आधीच, म्हणजे रोझेटवरूनच (बाहेरची लाइन जिथे येते ती भिंतीवरची डबी) काढलेलं आहे. जुनी वायरिंग तशीच राहते आणि स्प्लिटर नंतर येतो, म्हणून हे खूप घरांत सापडतं.

आता असं आहे की तांब्याच्या त्याच दोन तारांवर बोलणं चालतं 300 ते 3400 हर्ट्झमध्ये, आणि नेटचा डेटा सुरू होतो साधारण 25 किलोहर्ट्झच्या पुढे, एडीएसएल टू प्लस (लँडलाइनवरच्या ब्रॉडबँडचा जास्त वेगवान प्रकार) असेल तर पार 2200 किलोहर्ट्झपर्यंत. मध्ये एवढी मोकळी जागा सोडलीय म्हणून तर ही छोटीशी डबी पुरते. मी एक खराब स्प्लिटर उघडून पाहिला होता, आत तांब्याच्या बारीक तारेच्या कॉइल आणि थोडे कपॅसिटर, बस, ना चिप ना सप्लाय. कॉइल वरच्या फ्रिक्वेन्सीला अडवते, त्यातूनही जे निसटतं ते कपॅसिटर दोन तारांमध्येच जिरवतो, आणि फोनकडे फक्त आवाज जातो. मॉडेमच्या पोर्टला बहुतेक स्प्लिटरमध्ये लाइन सरळच दिलेली असते. म्हणजे हा अडवणारा फिल्टर मॉडेमला नाही, फोनला हवा असतो, आणि घरातल्या प्रत्येक फोनला हवा असतो, एक जरी सुटला तरी तो सगळ्या लाइनला त्रास देतो.

रिंग येते तेव्हा लाइनवर 75 व्होल्टच्या आसपास एसी येतो, मग रिसीव्हर उचलला की फोनचं सर्किट एकदम लाइनवर बसतं, मध्ये फिल्टर नसेल तर हा सगळा झटका मॉडेमच्या सिग्नलला लागतो, लिंक तुटते आणि मॉडेमला पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं. तुमची ती दोन-तीन मिनिटं इथेच जातात.

आधी दुकानातला फोन पिनमधून काढून दिवसभर बघा. नेट टिकलं तर दुकानाची वायर रोझेटवरून सोडवून स्प्लिटरच्या फोन लिहिलेल्या पोर्टवर घ्या, वायर भिंतीतून गेली असेल आणि हलवता येत नसेल तर दुकानातल्या फोनलाच एक वेगळा मायक्रोफिल्टर (एका फोनपुरता छोटा फिल्टर) लावा. कॉलर आयडीची डबी, फॅक्स असेल तर तेही फिल्टरच्या मागेच.

आणि सूं वेगळा, खरखर वेगळी, हे लक्षात ठेवा. मॉडेम काढून फोन कानाला लावा, तरीही खरखर येत असेल तर बहुतेक बाहेर टेलिफोनच्या डीपीत (लाइनी जोडायची पेटी) नाहीतर तिथून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरच्या जॉइंटमध्ये पाणी गेलंय, त्याला लाइनमनच लागेल, फिल्टर कितीही लावा उपयोग नाही.

प्रश्न : फायबर घेतलं, जुना स्प्लिटर लावू का? (धुळे)

उत्तर : गरज नाही. फायबरवर आवाजही डेटा म्हणूनच येतो, फोन सरळ नव्या फायबर मॉडेमच्या फोन पोर्टला लावा. फक्त घरातली जुनी पॅरलल वायरिंग त्या पोर्टला जोडायची असेल तर आधी बाहेरून येणारी तांब्याची लाइन रोझेटवर सोडवा, तिच्यावर अजून एक्सचेंजचे 48 व्होल्ट असू शकतात.