टी-शर्टवर भरलेली फुलं गोळा का होतात आणि जीन्स जॅकेटवर काय वेगळं करायचं

तुमचा प्रश्न असा की वापरलेल्या टी-शर्टवर भरलेला फुलांचा गुच्छ भरतकामाच्या रिंगमध्ये छान दिसला, पण रिंग काढताच कापड गोळा झालं; आता जुन्या जीन्स जॅकेटच्या पाठीवर मोठं डिझाइन भरायचंय, तिथेही असंच होईल का. जॅकेटवर ही भीती फारच कमी. टी-शर्टचं होजियरी कापड स्वेटरसारखं फासाफासांचं असतं, त्यामुळे ते रिंगमध्ये ताणलं जातं. टाके त्या ताणलेल्या कापडावर पडतात. रिंग सुटली की कापड मूळ मापावर येतं, धागा काही आखडत नाही, आणि चुण्या पडतात.

टी-शर्टवर पुन्हा हात घालाल तेव्हा आधी उलट्या बाजूने पातळ चिकट बकरम (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं आधाराचं कापड) लावा, डिझाइनपेक्षा चारही बाजूंनी 2 ते 3 सेंमी मोठं. इस्त्री फिरवू नका, एकेका जागी 10-12 सेकंद दाबून उचला; फिरवली तर खालचं कापड सरकतं. कापडावर फॅब्रिक सॉफ्टनरचा थर असेल तर बकरम धरत नाही, म्हणून वापरलेला कपडा आधी साध्या साबणाने धुऊन घ्याच. पुढे आटायचा असेल तर तोही आताच आटतो.

मग रिंगमध्ये बसवा आणि कापडाच्या उभ्या रेघांकडे नीट बघा. होजियरीवर बारीक उभ्या ओळी असतात. त्या सरळ असतील तर ठीक, कमानीसारख्या वाकल्या असतील तर कापड ताणलं गेलंय. स्क्रू सैल करून पुन्हा बसवा. ढोलासारखं टणक कापड जीन्सला हवं, होजियरीला नुसतं सपाट पुरे.

सुई बॉलपॉइंट घ्या. तिचं टोक गोलसर असल्याने फास तुटत नाहीत. टोकदार सुईने फास तुटला की धुतल्यावर तिथे भोक पडतं. सहा पदरी धाग्यातले दोनच पदर वापरा, लांबी 45 सेंमीच्या आसपास. पदर एकेक करून ओढा आणि मग जोडा, गुंता होत नाही. गळ्याजवळ उलटी टीप (दर टाक्याला सुई मागे घेऊन घातलेली सलग रेघ) टाळा: डोक्यातून घालताना गळा ताणला जातो आणि टीप तुटते. साखळी टाका थोडा ताण सोसतो. भरीव टाका (पाकळी भरायला शेजारी-शेजारी घातलेला) 7-8 मिमीपेक्षा लांब नको, नाहीतर बांगडीत, झिपमध्ये अडकतो.

गोळा झालेला गुच्छ वाचवता येईल का? बाह्यरेषेचा भाग टॉवेलवर उलटा ठेवून वाफेने बराचसा बसेल. भरीव पाकळ्या मात्र उसवाव्याच लागतील. धागा पुढून ओढू नका, मागून दोन-तीन टाके कापा आणि पुढून चिमट्याने उचला. उरलेली भोकं वाफ देऊन नखाने हलके घासली की बुजतात.

जॅकेटला बकरम लागत नाही, पण जाड शिवणी टाळून डिझाइन बसवा. चार थरांतून सुई काढताना टाका तिरका जातोच. 5 नंबरची सुई, 3-4 पदर आणि बोटात अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी). कोपर, कॉलर असे भाग उजेडासमोर धरून बघा. प्रकाश आरपार दिसला तर आधी मागून जुन्या कापडाचं ठिगळ लावा, नाहीतर दाट टाक्यांच्या कडेने कापड फाटतं. पाठीवर आधीची नक्षी किंवा लोगो उसवला असेल तर खालचा रंग गडद दिसेल, कारण बाकीचं जॅकेट उन्हाने आणि धुण्याने फिकं झालेलं असतं. तो डाग जात नाही. डिझाइनच त्यापेक्षा मोठं घ्या.

राहिला रंग. लाल, गडद निळा, काळा धागा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग उतरला तर तो वापरूच नका. भरून झाल्यावर रंग पसरला तर इस्त्री करू नका, सुकूही देऊ नका, लगेच थंड पाण्याखाली धरा, पाणी नितळ येईपर्यंत. पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या खुणाही इस्त्रीआधी थंड पाण्याने काढा, उष्णतेने त्या कायमच्या बसू शकतात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाचं उलटं: इस्त्रीने रेघ दिसेनाशी होते, पण कडक थंडीत परत उमटू शकते, म्हणून ते पेन टाक्यांखाली पूर्ण झाकल्या जाणाऱ्या रेघेसाठीच वापरा.