अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुण कोणाचे?

एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) नोंदीत केटलिन क्लार्क. आयोवा विद्यापीठाकडून चार हंगामांत (२०२०-२४) ३,९५१ गुण. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिनं केल्सी प्लमचा ३,५२७ चा विक्रम मोडला, आणि त्याच सामन्यात ४९ गुण केले! मार्चमध्ये पुरुषांमधला पीट मॅराविचचाही (३,६६७) आकडा मागे पडला. अर्थात त्याचे ८३ सामने होते, हिचे १३९. त्यामुळे ती तुलना मला फारशी पटत नाही.

पण खरी गंमत लिनेट वुडर्डची. कॅन्ससकडून १९७७-८१ मध्ये तिनं ३,६४९ गुण केले, तेही तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनाऐवजी तीन गुण मिळतात) नसताना आणि पुरुषांच्याच मोठ्या चेंडूनं. तेव्हा महिलांच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवायची, म्हणून एनसीएएच्या विक्रमयादीत तिचं नावच आलं नाही. हा सरळ अन्याय आहे. क्लार्कनं तो आकडाही ओलांडला, पण त्या निमित्तानं वुडर्ड निदान पुन्हा चर्चेत तरी आली.

आणि छोट्या कॉलेजांचं धरलं, तर पर्ल मूर अजूनही पुढे: ४,०६१. तीही सत्तरच्या दशकातलीच.