रेव्हिटचं ट्रेनिंग झालं, तरी ऑफिस ऑटोकॅडवरच का परततं?

तुमचा प्रश्न वाचला: तुमचं आर्किटेक्टचं ऑफिस सहा जणांचं, कोल्हापुरातलं. रेव्हिटचं (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करून त्यातूनच ड्रॉइंग काढणारं सॉफ्टवेअर) लायसन्स घेतलं, ट्रेनिंग झालं, तरी सगळे रेषांनी ड्रॉइंग काढायच्या जुन्या ऑटोकॅडवरच. माझ्या मते ट्रेनिंग कमी पडलेलं नाही, ऑफिसची स्वतःची टेम्प्लेट (नेहमीच्या गोष्टी आधीच तयार असलेली सुरुवातीची फाइल) नाही. ती नसली की भिंतीपासून शीटवरच्या टायटल ब्लॉकपर्यंत (नाव-तपशिलाची चौकट) सगळं दर वेळी नव्याने करावं लागतं, आणि तारीख जवळ आली की माणूस हात बसलेल्या सॉफ्टवेअरकडे वळतो. म्हणून आधी दोघांना बाकीच्या कामातून मोकळं करून टेम्प्लेट बनवून घ्या.

सुरुवात भिंतींपासून. नऊ, सहा, साडेचार इंची म्हणजे २३०, १५०, ११५ मिमीचा कोअर (गिलाव्याशिवायची भिंत); आतला १२ आणि बाहेरचा २० मिमी गिलावा वेगळ्या लेयरमध्ये. वर्किंग ड्रॉइंगची मापं कोअरच्या फेसवरूनच द्या. इथेच घोडं पेंड खातं: मापं गिलाव्यावरून गेली की नऊ इंची भिंत २६२ भरते, गवंडी २३० ची बांधतो, खोल्यांची मापं जुळत नाहीत आणि साइटवरून फोन येतो. असे दोन फोन आले की रेव्हिट बदनाम.

प्लॉटचा सर्व्हे यूटीएम कोऑर्डिनेट्समध्ये (जगाच्या नकाशावरची मीटरमधली मापं) असेल (कोल्हापूर झोन ४३ मध्ये येतं), तर त्याची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) रेव्हिटमध्ये 'सेंटर टू सेंटर' लिंक करा आणि मग 'ॲक्वायर कोऑर्डिनेट्स' द्या. कारण यूटीएमचे आकडे मोठे असतात, आणि मॉडेल इंटर्नल ओरिजिनपासून (रेव्हिटच्या आतल्या शून्यबिंदूपासून) १६ किमीपलीकडे गेलं की रेषा आणि हॅच बिघडतात. सर्व्हेअरने बेंचमार्क १००.०० धरलाय की समुद्रसपाटीपासूनची आरएल (उंची), तेही विचाराच. आरएल खरी असेल तर प्लॉटच्या जागची पंचगंगेची निळी आणि लाल पूररेषा मॉडेलमध्ये लेव्हल म्हणून टाकता येते, आणि प्रत्येक सेक्शनमध्ये जोतं तिच्या किती वर-खाली आहे ते दिसतं. शाहूपुरी, नागाळा पार्कमध्ये २०१९ आणि २०२१ चं पाणी पाहिलेल्या गावाला रेव्हिट शिकायला एवढं एकच कारण पुरे आहे, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं काम म्हणून मंजुरी मिळालेला, तळ अधिक एक मजल्याचा बंगला घ्या. डिझाइन ठरलेलं असतं, आणि दारं-खिडक्यांचं शेड्युल (यादी), सेक्शन यांत वाचणारा वेळ लगेच जाणवतो. मंजुरीची ड्रॉइंग तूर्त कॅडमध्येच राहू देत. ऑनलाइन छाननीला ठराविक लेयरची डीडब्ल्यूजी लागते, रेव्हिटमधून एक्सपोर्टचं लेयर मॅपिंग (कोणती वस्तू कोणत्या लेयरवर जाईल ते) नंतर निवांत बसवा.

रेव्हिट एलटी ही कमी सोयींची आवृत्ती स्वस्त पडते, पण तिच्यात वर्कशेअरिंग (एकाच मॉडेलवर अनेकांनी एकत्र काम करणं) नाही. सगळ्यांकडे व्हर्जन एकच हवं, कारण नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. सेंट्रल फाइल (सगळ्यांची सामायिक मूळ फाइल) थेट उघडायची नाही. रोज सकाळी नवी लोकल कॉपी काढूनच काम सुरू करायचं.