मेडन, प्रीस्ट, मेटालिका पाठ झाले, आता पुढे काय?

तुम्ही विचारलंय की वीसेक वर्षं हेवी मेटल ऐकून आयर्न मेडन, जुडास प्रीस्ट, मेटालिका ही मोठी नावं संपली, ॲप तीच तीच गाणी पुढे करतं, मग मागे राहून गेलेले जुने बँड शोधायचे कसे?

ॲपचा नाद सोडा. ते चालतं बाकीच्यांनी काय ऐकलं यावर, आणि हे बँड तर फारसे कुणी ऐकलेलेच नाहीत. मी माणसांचा माग काढतो. कोणी कोणाचं गाणं वाजवलं, गायक आधी कुठे होता, रेकॉर्ड कोणी काढली, एवढंच बघायचं.

मेटालिकाच्या १९८४ च्या ‘क्रीपिंग डेथ’ सिंगलच्या (एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला दोन गाणी आहेत, दोन्ही दुसऱ्यांची. ‘ॲम आय ईव्हल?’ डायमंड हेड या बँडचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दुसरं ‘ब्लिट्झक्रीग’, त्याच नावाच्या इंग्लिश बँडचं. ‘नीट रेकॉर्ड्स’ या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, ते १९८१ मध्ये काढलं, तेही सिंगलच्या मागच्याच बाजूला! आता त्या बँडचा गायक ब्रायन रॉस धरा. तो पुढे न्यूकॅसलच्या सेटन या बँडमध्ये गेला आणि १९८३ चा ‘कोर्ट इन द ॲक्ट’ हा अल्बम गायला. त्यातल्या दोन गिटारी एकमेकींच्या अंगावर धावून जातात, तरी चाल हातातून सुटत नाही. असा बँड मागे का पडला? गायक बदलले, नाव बदलून ब्लाइंड फ्युरी केलं, परत सेटन, मग परायह. ऐकणाऱ्याने लक्षात तरी काय ठेवायचं? २०११ मध्ये जुनी मंडळी पुन्हा जमली. परतीच्या अल्बमांवर माझा विश्वास नाही, पण २०१३ चा ‘लाइफ सेन्टेन्स’ खरोखर जुन्याच्या तोडीचा आहे.

मनिला रोड या बँडची गोष्ट वेगळी. ते अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटाचे, म्हणजे मेटलचे अड्डे असलेल्या लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को या दोन्हींपासून लांब. ‘क्रिस्टल लॉजिक’ (१९८३) त्यांनी स्वतःच्याच रोडस्टर लेबलवर काढला. गायक मार्क शेल्टनचा आवाज नाकातला, रेकॉर्डिंग पातळ. पहिल्या खेपेला बंद करावंसं वाटेल, खुशाल करा; पण महिनाभराने परत लावा. त्यांना आधी जवळ केलं ते युरोपने: १९८५ चा ‘ओपन द गेट्स’ ब्लॅक ड्रॅगन या फ्रेंच लेबलने काढला. शेल्टन २०१८ मध्ये गेला, तोही जर्मनीतल्या एका फेस्टिव्हलमध्ये वाजवल्यानंतर.

लंडनच्या पेगन ऑल्टर या बँडने १९८२ मध्ये रेकॉर्ड केलेलं संगीत तर रीतसर सीडीवर आलं १९९८ मध्ये. तोवर चोरटी कॉपीच फिरत होती.

एक सांगून ठेवतो, विस्मृतीत गेलेलं सगळंच सोनं नसतं. बरेचसे बँड मेडनची फिकी नक्कल होते आणि विसरले गेले ते बरंच झालं. ‘दुर्मिळ’ म्हणून कोणी रेकॉर्ड महाग विकत असेल तर आधी फुकट ऐकून घ्या. कोण कोणत्या बँडमधून कुठे गेलं ते मेटल आर्काइव्ह्ज या वेबसाइटवर मिळतं. संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

प्रीस्ट जास्त आवडत असेल तर आधी सेटन लावा, ब्लॅक सॅबथ आवडत असेल तर पेगन ऑल्टर. मनिला रोड सुरू करायचं तर ‘नेक्रोपोलिस’पासून. तीनेक मिनिटांचं गाणं आहे, नाही आवडलं तर फार काही गेलं नाही.