नस, शीर, मज्जातंतू आणि चेता

विचारणा अशी आहे : घरातल्या एका वडीलधाऱ्यांची ‘मेंदूची नस फुटली’ आणि दुसऱ्यांची ‘कमरेची नस दबली’, तर या दोन्ही नसा एकाच जातीच्या का? आणि शाळेच्या पुस्तकातली ‘चेता’ म्हणजेच जुन्या लेखनातला ‘मज्जातंतू’ असेल, तर त्यातली मज्जा ही हाडातलीच मज्जा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. मेंदूची नस फुटते तेव्हा फुटते ती रक्तवाहिनी. रक्त मेंदूच्या ऊतीत किंवा तिच्याभोवती पसरते, त्या भागातल्या पेशींचा प्राणवायू तुटतो, आणि बऱ्याचदा शरीराच्या विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात, कारण मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, एकमेकांना ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. कमरेची नस दबते तेव्हा मात्र रक्ताचा संबंध नसतो. दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि पाठीच्या कण्यातून बाहेर पडणाऱ्या चेतेच्या, म्हणजे संवेदना आणि हालचाल वाहणाऱ्या दोरीच्या, मुळावर तिचा दाब येतो; म्हणून दुखण्याचे मूळ कमरेत असूनही कळ, मुंग्या आणि बधिरपणा पोटरीत किंवा पावलात जाणवतो. वैद्य ज्याला गृध्रसी म्हणतात आणि डॉक्टर सायटिका, ते हेच दुखणे. थोडक्यात, ‘फुटली’, ‘तुंबली’, ‘फुगली’ ही क्रियापदे आली की नस रक्ताची समजावी आणि ‘दबली’ म्हटले की चेतेची. ऐकणारा नकळत असाच अर्थ लावत असतो.

‘शीर’ हा शब्द तर याहूनही सैल आहे. सलाईन लावताना परिचारिकेला शीर सापडत नाही, ती अशुद्ध रक्ताची वाहिनी, म्हणजे नीला. टाचेमागची जाड घोडशीर ही पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी दोरी आहे, तिच्यातून रक्तही वाहत नाही आणि संवेदनाही. रात्री झोपेत ‘शिरेवर शीर चढते’ तेव्हा खरे तर पोटरीचा स्नायू आखडलेला असतो. बोलीने कातडीखाली दोरीसारखे लागणारे सगळे एका नावाखाली आणले, त्यात हलगर्जीपणा नाही, कारण हाताला आणि डोळ्याला ते सारखेच भासते.

किंबहुना शास्त्राची सुरुवातही याच गोंधळातून झाली आहे. ज्या ग्रीक ‘न्यूरॉन’ शब्दावरून आजचे न्यूरोलॉजी हे नाव आले, त्याचा जुना अर्थ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, किंवा धनुष्याची दोरी असा होता, आणि लॅटिन ‘नर्व्हस’चाही तोच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हिरोफिलस या ग्रीक वैद्याने मृत शरीरांचे विच्छेदन करून संवेदना आणि हालचाल वाहणाऱ्या दोऱ्या कंडरांपासून व रक्तवाहिन्यांपासून वेगळ्या ओळखल्या, तेव्हा कुठे त्या शब्दाला आजचा अर्थ येऊ लागला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 700 शिरा, 24 धमन्या आणि 900 स्नायू मोजलेले आहेत. तेथील स्नायू म्हणजे सांधे आणि अवयव बांधून ठेवणारे बंध. आजच्या चेतेशी नेमका जुळेल असा एकही गट त्या मोजणीत नाही, आणि जुन्या संज्ञा ओढूनताणून आजच्या अवयवांवर बसवण्याचा जो उत्साह अधूनमधून दिसतो, तो त्या ग्रंथावर अन्याय करणारा आहे असे मला वाटते.

आता मज्जा. आयुर्वेदाच्या सात धातूंमध्ये अस्थीनंतर येणारी मज्जा ही हाडाच्या पोकळीतलीच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील द्रव्यांची मापे ओंजळीने दिली आहेत, तेथे मज्जा एक ओंजळ आणि मस्तिष्क अर्धी ओंजळ अशी दोन वेगळी मापे आहेत. म्हणजे कवटीतला मऊ पदार्थ आणि हाडातला मऊ पदार्थ वेगळे धरलेले होते, तरी ते शेजारी शेजारी मोजलेले आहेत. हे शेजारपण अनेक भाषांत दिसते. लॅटिनमध्ये ‘मेड्युला’ म्हणजे हाडातली मज्जा, आणि कण्यातल्या दोरीलाही, म्हणजे मज्जारज्जूलाही, तोच शब्द. ग्रीक ‘मायलॉस’चेही तसेच, म्हणून आजही मायलोमा हा मज्जेचा कर्करोग असतो आणि मायलायटिस हा मज्जारज्जूचा दाह. पोलिओचे पूर्ण नाव पोलिओमायलायटिस आहे, त्यातला ‘मायलॉस’ कण्यातला.

याहून गमतीचे नाते आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘मगजमारी’तला मगज फारसीतून आला, फारसीत त्या शब्दाचे मेंदू, मज्जा आणि बीचा गर असे तिन्ही अर्थ आहेत. संस्कृत ‘मज्जन्’, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला ‘मज्ग’, फारसी ‘मग्ज’ आणि रशियन ‘मोझ्ग’, ज्याचा अर्थ मेंदू, हे सगळे एकाच प्राचीन मुळातून निघालेले शब्द आहेत. तेव्हा मज्जारज्जू, मज्जासंस्था, मज्जातंतू या शब्दांत मज्जा आली ती चुकून नव्हे. कठीण कवचातला मऊ गर हा त्या मुळाचा अर्थच कवटी, कणा आणि नळीचे हाड या तिघांना लागू पडतो.

तरीही रचना आणि कार्य पाहता हे दोन पदार्थ अगदी भिन्न आहेत. हाडातल्या लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात. मज्जारज्जू मात्र चेतापेशी आणि त्यांच्या तंतूंचा बनलेला असतो. प्रौढ माणसात तो साधारण 42 ते 45 सेंटीमीटर लांब असून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, आणि त्याखाली कण्याच्या पोकळीत केवळ चेतांची मुळे उतरत जातात. त्यामुळे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून ‘मज्जारज्जू दबला’ असे वर्तमानपत्रांत लिहिले जाते, ते चूक आहे. तेथे रज्जू नसतोच, दबते ते चेतामूळ.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा शब्द घरोघरी पोचल्यापासून ‘मज्जा’ ऐकताच लोकांच्या डोळ्यांपुढे हाड येते, आणि येथे शालेय पाठ्यपुस्तकांनी केलेली निवड सोयीची ठरते. त्यांत चेतासंस्था, चेतापेशी, मेरुरज्जू (म्हणजे मज्जारज्जू) असे शब्द आहेत. मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या 12 जोड्या आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या 31 जोड्या, अशी मांडणी विद्यार्थी त्याच शब्दांत शिकतात. मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका तंत्र’ स्वीकारले, पण ते बोलण्यात रुजले नाही. ‘चेता’मुळे आणखी एक भेद नीट सांगता येतो : चेता म्हणजे पूर्ण जुडी, आणि चेतातंतू म्हणजे तिच्यातला एकेक धागा. मांडीमागून पायात उतरणारी गृध्रसी चेता अंगठ्याएवढी जाड असते आणि तिच्यात असे हजारो तंतू असतात. तिला ‘मज्जातंतू’ म्हणताना तंतू हा शब्दच तोकडा पडतो. ललित लेखनात किंवा गप्पांत मज्जातंतू जरूर चालावा, परंतु वैद्यकीय माहिती लिहिणाऱ्याने चेता वापरावी, आणि रुग्णाशी बोलताना ‘नस’ म्हटलीच तर ती रक्ताची की संवेदनेची, हे त्याच वाक्यात सांगावे. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्या जागी प्रमस्तिष्क आणि अनुमस्तिष्क वापरण्याचा आग्रह मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर कशाला, ते मला उमगलेले नाही.

राहिला स्नायू. सुश्रुताच्या त्या बंधवाचक शब्दाचे पुढे दोन रस्ते झाले. मराठीत तो आकुंचन पावणाऱ्या मांसाला लागला, ज्याला हिंदीत मांसपेशी म्हणतात. बंगालीत आणि हिंदीत मात्र स्नायु म्हणजे चेता. म्हणून हिंदीतल्या ‘स्नायु रोग’चे मराठीत ‘स्नायूंचे विकार’ असे सरळ भाषांतर झाले की मेंदू आणि चेतांचा रुग्ण कागदोपत्री दंडा-मांड्यांचा रुग्ण होऊन बसतो, आणि औषधांच्या जाहिरातींत हे वरचेवर घडते. अशा ठिकाणी ‘चेताविकार’ लिहावे.