बहुरूपता लिहिण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा मसुदा वाचला. निरीक्षणं चांगली, फोटो तर फारच. पण कपाशीवरचा पंखवाला आणि बिनपंखी मावा, लिंबावरच्या कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या माद्या आणि पाणी कमी पडून खुजी राहिलेली केळी, सगळ्यांना ‘बहुरूपता’ हे एकच लेबल? परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

मावा घे. पानामागे दाटलेल्या त्या माद्या नराशिवाय पिल्लं घालतात, म्हणजे मायलेकींची जनुकं जवळपास तीच. तरी गर्दी वाढली, पान निकस झालं, की पुढच्या पिढीत पंखवाल्या निघतात. रूप परिस्थितीने ठरवलं. हा पॉलिफेनिझम.

कॉमन मॉर्मनचं उलट. एक मादी नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल, तिसरी क्रिमझन रोझ या आणखी एकाची. अळीला लिंबाऐवजी कढीपत्ता खाऊ घातलास म्हणून नक्कल बदलत नाही; ती ‘डबलसेक्स’ या जनुकाच्या वेगवेगळ्या प्रकारांवर ठरते. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ते दाखवलं. ही खरी बहुरूपता. जनुकशास्त्रज्ञ ई. बी. फोर्ड यांनी १९४० मध्ये तिला अटही घातली: रूपं एकाच ठिकाणी नांदावीत आणि सर्वांत दुर्मीळ रूपही निव्वळ अधूनमधून होणाऱ्या उत्परिवर्तनावर तगलेलं नसावं. तेव्हा तापीकाठी दिसलेला तुझा एकुलता एक पांढरा कावळा यादीतून काढ. (फोटो ठेव, सुरेख आहे.)

आता खरी गंमत. याच फुलपाखराचे कोष बघ: हिरव्या डहाळीवर सहसा हिरवे, वाळक्या काडीवर तपकिरी. म्हणजे माद्यांत बहुरूपता, कोषांत पॉलिफेनिझम, आणि दोन्ही एकाच जातीत! लेबल जातीला नको, त्या त्या गुणाला लाव.

केळीत दोन गट पडतच नाहीत, उंची सलग कमी-जास्त होत जाते. तिथे ‘प्लास्टिसिटी’, म्हणजे त्याच जनुकांतून परिस्थितीनुसार रूप बदलणं, एवढंच लिही. पॉलिफेनिझम हा तिचाच तुटक रूपांचा प्रकार. रोपं टिश्यू कल्चरची, जी-नाइन या वाणाची होती, हेही नोंदव. जनुकं सारखी असल्याचा तोच तुझा आधार.

नर-मादीतला फरक म्हणजे लैंगिक द्विरूपता, ती वेगळी मांड.

तक्त्यात दोन रकाने वाढव: फरक तुटक की सलग, आणि ठरवणारं जनुक की परिस्थिती. उत्तर नसेल तिथे नुसतं ‘विविधता’ चालेल. आणि कोषांचे फोटो पाठवशील तेव्हा त्यांतून मागची डहाळी कापू नकोस.